ओबो, लेक आणि एक नसलेली चावी

आम्ही तेव्हा इंग्लंडात रेडिंगला राहायचो. दोन वर्षांच्या प्रोजेक्टची तीन वर्षं झाली होती (प्रोजेक्ट असेच असतात, त्यात नवल काही नाही). लेक दहा वर्षांची. एक दिवस तिच्या शाळेत वाद्यं दाखवायला एक बाई आल्या. त्यांनी व्हायोलिन, क्लॅरिनेट, ट्रम्पेट असं सगळं थोडं थोडं वाजवून दाखवलं आणि आमच्या कन्येनं घरी येऊन बूट काढायच्या आधीच जाहीर केलं, "बाबा, मला ओबो शिकायचाय."

मी विचारलं, ओबोच का? तर म्हणे, "कुणीतरी रडता रडता गातंय असा आवाज येतो त्याचा."

आता आली का पंचाईत! माझं संगीताचं ज्ञान म्हणजे दिवाळी पहाटेला पहिल्या रांगेतले पास मिळाले तर जाणारा माणूस. ओबो म्हणजे नक्की काय हेही आधी शोधावं लागलं. शोधल्यावर कळलं की ही आपल्या सनईचीच जात. दोन पात्यांची पत्ती, खाली रुंद होत जाणारी लाकडी नळी, आणि फुंकणाऱ्याचे गाल-डोळे लाल. फरक एवढाच की सनईच्या अंगावर नुसती भोकं असतात, आणि याच्या अंगावर चाव्या, दांडे, स्प्रिंगा आणि स्क्रू यांचं असं काही जंगल असतं की एखाद्या जुन्या मनगटी घड्याळाचं झाकण उघडल्यासारखं वाटावं. सनईचा कोटबूट घातलेला भाऊ म्हणा ना.

पुण्याला फोनवर सांगितलं तर बाबा म्हणाले, "अरे, मग सनईच शिकव की तिला. एक चावी लागत नाही, बिघडायला काही नाही." तेव्हा मी हसलो होतो. पुढच्या सहा महिन्यांत हे वाक्य मला किती वेळा आठवलं ते विचारू नका.

पहिली टर्म शाळेचं वाद्य भाड्यानं मिळालं. मग ते परत करायची वेळ आली. नवीन चांगला विद्यार्थ्यांचा ओबो दीड-दोन हजार पौंडांच्या पुढे जातो. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, किंमत बघितली की आधी 'सेकंडहँड' शब्द टाइप करतो. ऑनलाइन लिलावात एक मिळाला. साडेतीनशे पौंड, पेटी चकचकीत, चाव्यांना चांदीचा मुलामा, फोटो झकास. तिच्या बाईंना विचारावं हे डोक्यात आलं होतं, पण लिलाव रविवारी रात्री संपत होता आणि मला सौदा जिंकल्याचा जो एक फालतू आनंद असतो तो हवा होता. घेतला.

पुढचे चार महिने लेक रोज अर्धा तास वाजवायची. आणि रोज कुठेतरी अडायची. एक ठरावीक सूर होता, 'एफ', तो काही ठिकाणी छान यायचा आणि काही ठिकाणी घसा बसल्यासारखा, बसका आणि वेडावाकडा. बाईंनी धड्यात सांगितलेलं ती करायची, तरी तोच प्रकार. हळूहळू अर्ध्या तासाची वीस मिनिटं झाली, मग दहा. एक दिवस म्हणाली, "बाबा, मला येतच नाही हे. माझी बोटं वाईट आहेत."

बोटं वाईट आहेत. दहा वर्षांच्या पोरीचं हे वाक्य ऐकून मला कसंतरी झालं. पण खरं सांगतो, तेव्हा मीही मनात म्हटलं होतं की असेल बुवा, सगळ्यांनाच सगळं जमत नाही.

मग बाईंनी एक दिवस वाद्य स्वतः हातात घेऊन नीट पाहिलं. तोपर्यंत त्या तिची बोटं पाहत होत्या, वाद्य पाहत नव्हत्या. मला बोलावून म्हणाल्या, "तुम्ही हा कुठून घेतलात? याला लेफ्ट एफ नाहीये. आणि रेझोनन्सची चावीही नाही. मुलीचं काही चुकत नाहीये, ती जे करतेय ते या वाद्यावर होऊच शकत नाही."

त्या रात्री मी जागून वाचायला बसलो. एका सुरासाठी चावी असते किंवा नसते, हे कुणी ठरवलं? आणि वाचता वाचता जे सापडलं ते एखाद्या पंचवीस वर्षं जुन्या कोडबेससारखंच निघालं. फरक इतकाच की हा कोडबेस साडेतीनशे वर्षांचा.

आधी नावापासून सुरुवात करू. फ्रेंचमध्ये याला म्हणतात 'ओब्वा'. 'ओ' म्हणजे उंच किंवा मोठ्या आवाजाचं आणि 'ब्वा' म्हणजे लाकूड. (मी घरात 'ओ बुवा' म्हणायला लागलो, ते लेकीला अजिबात आवडलं नाही.) याच्या आधी युरोपात शॉम नावाचं वाद्य होतं, आपल्या सनईचं अगदी जवळचं नातेवाईक. मैदानात, मिरवणुकीत वाजवायचं, आवाज खणखणीत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या दरबारात ऑपेरा आणि बॅलेचं वेड होतं. तिथे व्हायोलिनच्या बरोबरीनं, बंद दालनात, हळूही वाजेल असं काहीतरी हवं होतं. दरबारात होतेतेर आणि फिलिदोर नावाची दोन घराणी होती, वाजवणारीही आणि वाद्यं घडवणारीही. या मंडळींच्या हातून शॉमचा ओबो झाला. आतली पोकळी अरुंद केली, नळी एकसंध न ठेवता तीन तुकड्यांत केली म्हणजे प्रत्येक तुकडा नेमका कोरता येतो, आणि पत्ती थेट ओठांत दिली. ओठांनी दाबून सूर हळू-मोठा, वर-खाली करता यायला लागला.

या पहिल्या ओबोला चाव्या किती? वाजवायला खरं तर दोनच. एक सगळ्यात खालच्या 'सी'साठी, कारण ते भोक इतकं लांब होतं की करंगळी पोचत नाही. दुसरी 'ई फ्लॅट'साठी. पण गंमत अशी की सुरुवातीच्या ओबोंवर ही दुसरी चावी दोनदा असायची, डावीकडे एक, उजवीकडे एक. कारण तेव्हा कुठला हात वर आणि कुठला खाली हे ठरलेलंच नव्हतं! ज्याला जसं सोयीचं. म्हणून मोठ्या चावीचं टोकही माशाच्या शेपटीसारखं दोन्हीकडे पसरलेलं, म्हणजे कुठल्याही करंगळीला सापडावं. पुढे अठराव्या शतकात डावा हात वर हे पक्कं झालं, जादा चावी गेली, पण शेपटी तशीच राहिली. कुणालाच तिची गरज नव्हती तरी कारागीर ती घडवत राहिले. आमच्या ऑफिसात अशी किती तरी फंक्शन्स आहेत. काढायची कुणाची हिंमत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. सहा भोकं, दोन चाव्या, आणि सूर मात्र बारा हवेत. कसं जमायचं? बासरी वाजवणाऱ्याला हे सांगायला नको. एक उपाय म्हणजे अर्धं भोक झाकायचं. ओबोवाल्यांनी त्यासाठी काही ठिकाणी एका भोकाऐवजी दोन छोटी भोकं शेजारी शेजारी पाडली, एक झाकलं की अर्धा सूर. दुसरा उपाय म्हणजे एक भोक उघडं ठेवून त्याच्या खालचं बंद करायचं. मधलं बोट वर, त्याच्या दोन्ही बाजूंची बोटं खाली. काट्याचमच्यातल्या काट्यासारखा हात दिसतो म्हणून याला म्हणतात फोर्क. आणि या जुन्या ओबोवर 'एफ' वाजवायची नेहमीची, राजमान्य पद्धत हीच होती. फोर्क!

असा सूर थोडा झाकलेला, थोडा सावलीतला येतो. पण तेव्हा कुणाची तक्रार नव्हती. प्रत्येक सुराचा रंग वेगळा असणं हे त्या काळच्या कानांना सहज चालायचं. मोझार्टनं १७७७ साली साल्झबुर्गमध्ये फेर्लेंदिस नावाच्या ओबोवादकासाठी जो कन्चेर्तो लिहिला, तो आजही ओबोच्या परीक्षांत आणि ऑर्केस्ट्राच्या बहुतेक निवड चाचण्यांत समोर येतो. तो लिहिला गेला तेव्हाचे ओबो असेच, दोन चाव्यांचे. चाळीसपेक्षा जास्त चाव्यांच्या यंत्रावर तो वाजवताना आज लोकांना घाम फुटतो.

मग चाव्या वाढल्या का? कारण संगीत बदललं. एकोणिसाव्या शतकात सभागृहं मोठी झाली, ऑर्केस्ट्रे मोठे झाले आणि संगीतकार कुठल्याही पट्टीत शिरून भराभर बाहेर पडायला लागले. काळी एकमध्ये गाणारा गवई मध्येच पांढरी पाच म्हणाला, आणि तेही दर चार मात्रांनी, तर पेटीवाल्याचं होईल ते ओबोवाल्याचं व्हायला लागलं. फोर्कचे झाकलेले सूर आता खटकू लागले. प्रत्येक सुराला त्याचं स्वतःचं, योग्य जागेवरचं, योग्य आकाराचं भोक हवं. पण बोटं दहाच, आणि त्यांतला एक अंगठा वाद्याचं वजन पेलतोय. म्हणून मग चाव्या. १८२५ साली व्हिएन्नामध्ये सेलनर नावाच्या वादकानं आपली शिकवणी पुस्तकरूपात काढली, ती तेरा चाव्यांच्या ओबोसाठी होती. दोनाच्या तेरा झाल्या.

पॅरिसमध्ये याच काळात त्रिएबेर नावाचं घराणं कामाला लागलं होतं. बाप गियोम, मूळचा जर्मनीतल्या हेसे भागातला, पॅरिसला येऊन त्यानं दुकान थाटलं. मुलगा फ्रेदेरिक त्याहून मोठा कारागीर निघाला. दुसरा मुलगा शार्ल-लुई वादक, तो पुढे पॅरिसच्या कॉन्झर्वातुआरमध्ये प्राध्यापक झाला. म्हणजे घरात डेव्हलपर आणि युजर दोघंही. त्यामुळे या लोकांनी आपल्या मॉडेलना काय नावं दिली असतील? सिस्टीम ३, सिस्टीम ४, सिस्टीम ५, सिस्टीम ६. मी वाचताना मोठ्यानं हसलो. बायको झोपेतून उठून विचारायला लागली, काय झालं?

मध्यंतरी एक क्रांतीही होऊन गेली होती. थेओबाल्ड ब्योम नावाच्या म्युनिकच्या बासरीवादकानं १८३२ मध्ये आणि मग १८४७ मध्ये बासरीची पार नव्यानं मांडणी केली. आधी शास्त्रानुसार भोकं पाडा, मोठी पाडा, मग बोटं तिथे कशी पोचतील ते यंत्रानं बघा. त्यानं भोकांभोवती कड्या बसवल्या. बोटानं भोक झाकलं की कडीही दाबली जाते आणि एका दांड्यावरून लांबचं दुसरंच भोक बंद होतं. एका बोटात दोन कामं. बासरीचं या रिराइटनं कल्याण झालं. मग हाच प्रयोग बुफे नावाच्या पॅरिसच्या कारागिरानं ओबोवर केला. ब्योम पद्धतीचा ओबो बोटांना सोपा, आवाजाला दणदणीत. लष्करी बँडवाल्यांना आवडला. पण ऑर्केस्ट्रावाल्यांनी नाकारला, कारण भोकं मोठी केल्यावर तो ओबोसारखा वाजेचना. ते रडता रडता गाणं गेलं.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आमच्या धंद्यात नवीन आलेला प्रत्येक पोरगा जुनं कोड बघून म्हणतो, हे सगळं फेकून देऊ आणि नव्यानं लिहू. ओबोच्या बाबतीत कुणीतरी ते खरंच करून पाहिलं, ते चाललंही, आणि तरी लोकांनी घेतलं नाही. जे वाचवायचं होतं ते त्या अडचणीच्या भोकांतच कुठेतरी दडलेलं होतं.

त्रिएबेर मंडळींनी म्हणून दुसरा मार्ग धरला. पोकळीला आणि भोकांना फार हात न लावता वरून चाव्यांचं ठिगळ लावत जायचं. एक अडचण दिसली, एक चावी. त्या चावीमुळे नवीन अडचण आली, आणखी एक चावी. आणि इथे आपला 'एफ' परत येतो.

सुधारलेल्या ओबोवर 'एफ'ला स्वतःची चावी मिळाली. उजव्या हाताच्या अनामिकेनं दाबायची. स्वच्छ, खणखणीत सूर. पण तीच अनामिका 'डी' वाजवताना शेजारच्या भोकावर असते. म्हणजे 'डी'वरून 'एफ'वर जायचं तर बोट भोकावरून उचलून चावीवर सरकवायला हवं, आणि सरकताना मध्ये नको तो सूर चिरकतोच. मग काय करायचं? तिथे परत जुना फोर्क वापरायचा. पण जुन्या ओबोवर जो फोर्क गोड लागायचा तो या नव्या ओबोवर बसका लागतो, कारण भोकांचे आकार आणि जागा मधल्या काळात बदलल्या. मग त्यावर उपाय म्हणून रेझोनन्सची चावी. फोर्क धरला की ती आपोआप आणखी एक भोक उघडते आणि सूर मोकळा होतो. आणि त्याहून चांगला उपाय म्हणजे लेफ्ट एफ. तीच 'एफ'ची चावी, पण लांब दांड्यानं डाव्या करंगळीपर्यंत आणलेली. उजवी अनामिका आपल्या जागी राहते, करंगळी काम करते.

म्हणजे आजच्या चांगल्या ओबोवर एक 'एफ' तीन प्रकारे वाजतो. आणि स्वस्तातल्या ओबोवर, विशेषतः जुन्या, कुणीतरी खर्च वाचवायला यातल्या दोन सोयी काढून टाकलेल्या असतात. मी घेतलेला तसलाच. माझी लेक रोज संध्याकाळी अर्धा तास एकोणिसाव्या शतकातली एक अर्धवट सोडलेली अडचण सोडवायचा प्रयत्न करत होती, आणि तिला वाटत होतं की तिची बोटं वाईट आहेत.

दुसऱ्या दिवशी मी तिला हे सगळं सांगितलं. शेपटीवाली चावी, दोन्ही हातांची सोय वगैरे. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे तू स्वस्तातला आणलास म्हणून?" हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

आता नवीन घ्यायचा ठरला तर दुसराच प्रश्न उभा राहिला. सिस्टीम कुठली? आणि हा प्रश्न इंग्लंडात राहणाऱ्यालाच पडतो.

त्याचं असं झालं. १८४९ च्या सिस्टीम ५ मध्ये डाव्या अंगठ्याखाली एक पट्टी होती. अंगठा ठेवला की 'ए' आणि 'बी', अंगठा उचलला की त्याच बोटांवर 'बी फ्लॅट' आणि 'सी'. ही थंबप्लेट. मग १८७२ च्या सिस्टीम ६ मध्ये त्रिएबेरनं ती काढून टाकली आणि तेच काम उजव्या तर्जनीला दिलं. अंगठा मोकळा. फ्रेदेरिक त्रिएबेर १८७८ साली वारला, त्याच्या कारखान्यातला मुख्य कारागीर फ्रांस्वा लोरे यानं १८८१ मध्ये स्वतःचं दुकान काढलं, आणि जवळपास त्याच वेळी जॉर्ज जिले नावाचा तरुण वादक पॅरिसच्या कॉन्झर्वातुआरमध्ये प्राध्यापक झाला. त्यानं सिस्टीम ६ आपल्या वर्गासाठी पक्की केली. तेव्हापासून तिचं नावच पडलं कॉन्झर्वातुआर सिस्टीम. पुढे १९०६ मध्ये जिले आणि लोरेचा मुलगा ल्युसियाँ यांनी मिळून भोकांवरच्या कड्यांच्या जागी झाकणं बसवली, म्हणजे पूर्वी अशक्य असलेले ट्रिल वाजवता यायला लागले. आणि मग १९०९ मध्ये जिलेनं असे अभ्यासाचे तुकडे लिहिले की ते पाहून आजही विद्यार्थी देवाचं नाव घेतात. आधी फीचर बनवायचं, मग ते वापरावंच लागेल अशी परीक्षा काढायची. हुशार माणूस!

जिलेचा एक विद्यार्थी मार्सेल ताब्युतो १९०५ साली अमेरिकेला गेला. १९१५ पासून १९५४ पर्यंत तो फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचा मुख्य ओबोवादक होता आणि तिथल्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचा. अमेरिकेतल्या ओबोवादकांच्या दोन-तीन पिढ्या कुठे ना कुठे या एका माणसापर्यंत जाऊन पोचतात. म्हणून सगळी अमेरिका कॉन्झर्वातुआरवर. आपल्याकडे घराण्याचं कसं असतं, तसंच.

आणि इंग्लंड? तिथे १८५० साली लंडनमध्ये अपोलों बारे नावाच्या फ्रेंच ओबोवादकानं पुस्तक काढलं होतं, जे जगभर अजूनही वापरलं जातं. त्याच्या काळात अंगठ्याची पट्टी हाच नवा शोध होता. लंडननं ती उचलली आणि मग सोडलीच नाही. पॅरिस पुढच्या व्हर्जनला गेलं, लंडन मागच्याच व्हर्जनवर राहिलं, कारण शिकवणारे त्यावरच शिकलेले आणि त्यांना ते उत्तम चालत होतं. लेऑन गूसन्ससारखा जगप्रसिद्ध इंग्लिश वादक एकच लोरेचा ओबो घेऊन जवळजवळ आख्खं आयुष्य वाजवत राहिला. त्याला कोण सांगणार अपग्रेड करा म्हणून? व्हिएन्नाची तर तिसरीच तऱ्हा. तिथल्या फिलहार्मोनिकमध्ये आजही रुंद पोकळीचा, वेगळ्या बोटांचा स्वतंत्र व्हिएनीज ओबो वाजतो, आणि त्या शहराबाहेर तो क्वचितच दिसतो.

कुठलं चांगलं, हे मी बाईंना विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, थंबप्लेटनं काही अवघड उड्या सोप्या होतात, कारण दोन हातांची बोटं एकाच क्षणी उलटसुलट हलवावी लागत नाहीत. पण त्याच अंगठ्याला वरच्या सप्तकाची चावीही सांभाळायची असते, म्हणजे अंगठ्याला दुप्पट काम. दोन्ही सोयी असलेले ड्युअल सिस्टीमचे ओबोही असतात, इंग्लंडातले बरेच व्यावसायिक वादक तेच वापरतात, पण किंमत वर जाते. "शिकवणाऱ्याकडे जी सिस्टीम असेल तीच घ्या. या वयात दुसरा नियम नाही."

बायको म्हणाली, झालं, मग थंबप्लेट. आम्ही एक पसंतही केला. आणि त्याच आठवड्यात मॅनेजरनं बोलावून सांगितलं की प्रोजेक्ट संपतोय, जूनमध्ये पुणे. (तीन वर्षं न संपणारा प्रोजेक्ट नेमका त्याच आठवड्यात संपावा!)

लेकीचा पहिला प्रश्न, "पुण्यात ओबोच्या बाई आहेत?"

मला माहीत नव्हतं. बाबांना विचारलं तर ते म्हणाले सनईवाले पुष्कळ आहेत. शोधाशोध केली. मुंबईत एनसीपीएचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा २००६ पासून आहे, म्हणजे मुंबईत ओबो वाजतो हे नक्की. फोनांवर फोन केले. शेवटी ओळखीच्या ओळखीतून मुंबईतला एक ओबोवादक पंधरा दिवसांतून एकदा प्रत्यक्ष आणि मध्ये व्हिडिओवर शिकवायला तयार झाला. त्याची सिस्टीम? कॉन्झर्वातुआर.

आता आली निर्णयाची वेळ. रेडिंगच्या बाई ऑनलाइन शिकवत राहायला तयार होत्या, म्हणजे थंबप्लेट ठेवता आला असता. पण वाद्य बिघडलं तर ऑनलाइन स्क्रू फिरवता येत नाही. या वाद्याला इतके बारीक स्क्रू असतात की एक पाव फेरा इकडे-तिकडे झाला तर अर्धे सूर बंद. ज्याच्याकडे वाद्य घेऊन जाता येईल तो माणूस कुठली सिस्टीम ओळखतो, याला जास्त वजन होतं. मी हे एका एक्सेल शीटमध्ये मांडलं (हसू नका). लेकीनं शीट बघितली आणि म्हणाली, "पण मला अंगठा सोडायची सवय झालीय."

तिची सवय कुठल्याच कॉलममध्ये नव्हती. या वेळी तिला विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. मग बाईंनी त्यांच्याकडचा एक कॉन्झर्वातुआर ओबो तिला पंधरा दिवस वापरायला दिला. पहिले तीन दिवस 'बी फ्लॅट'च्या जागी 'ए' आणि मग वैतागाचा हुंकार. पाचव्या दिवशी मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलो होतो आणि आतून 'डी'वरून 'एफ' आला. स्वच्छ. करंगळीनं. मग शांतता. मग परत तोच, परत तोच, दहा-बारा वेळा. मी आत गेलो नाही.

रात्री जेवताना म्हणाली, "हाच चालेल. अंगठ्याचं होईल हळूहळू."

राहिला लाकडाचा प्रश्न. चांगला ओबो ग्रेनाडिलाचा असतो, टांझानिया-मोझांबिककडचं आफ्रिकन ब्लॅकवूड. वनस्पतिशास्त्रात ती आपल्या शिसवीची चुलत बहीण, एकाच डाल्बर्जिया कुळातली. २०१७ साली हे आख्खं कूळच आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांत आलं आणि वाद्यं घेऊन सरहद्दी ओलांडणाऱ्यांची कागदपत्रांत फरफट झाली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली तेव्हा सगळे सुटले. पण आम्हाला भीती कस्टमची नव्हती, एप्रिल-मेची आणि मग जुलैची होती. लाकूड कोरड्या हवेत आकसतं, दमट हवेत फुगतं, आणि नवीन ओबो वरच्या तुकड्याला तडा जाण्यासाठी बदनाम आहे. म्हणून वरचा तुकडा रेझिनचा आणि बाकी लाकडाचा असा घेतला. सेमी-ऑटोमॅटिक ऑक्टेव्ह, खालचा 'बी फ्लॅट', लेफ्ट एफ, रेझोनन्सची चावी, सगळं दुकानात उभं राहून लेकीनं स्वतः बोट लावून तपासलं. दुकानदार तिला म्हणाला, "तुम्हाला बरंच माहीत आहे." ती म्हणाली, "हो."

पुण्यात आल्याला आता सव्वा वर्ष झालं. पत्त्या अजून बाहेरून मागवतो. एक पत्ती काही आठवड्यांत मरते, आणि मुंबईचे सर म्हणतात स्वतः बनवायला शिकल्याशिवाय सुटका नाही. त्यासाठी दक्षिण फ्रान्सचा वेळू, सुरी, दोरा असं सामान जमवणं चालू आहे. बाबा रोज संध्याकाळी पेटी काढून तिला सूर देतात. ऑर्केस्ट्रात सगळे ओबोकडून सूर घेतात आणि इथे ओबो पेटीकडून घेतो, यावर नातीचा आक्षेप आहे, पण आजोबांसमोर तो चालत नाही.

जुना ओबो अजून कपाटावर आहे. विकायला काढायचाय. परवा जाहिरात लिहायला बसलो, फोटो तर आजही झकास येतात. लेक मागून येऊन उभी राहिली आणि तिनं पहिली ओळ स्वतः टाइप केली: याला लेफ्ट एफ नाही.